ताप उतरला, पण आजी बरळतेय: फ्लू-कोविडसारख्या आजारात सोडियम उतरलं तर काय करायचं

"डॉक्टर, आई रात्री अडीचला उठली, स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या ओट्याकडे बघत 'दूध उतू चाललंय' म्हणत उभी राहिली."

पावसाळ्यातल्या फ्लूच्या साथीत एक मुलगा मला हे सांगत होता. आजी ७४ वर्षांच्या, वजन ५० किलो. चार दिवस ताप, खोकला, अंगदुखी. गंमत म्हणजे ताप आदल्या दिवशीच उतरला होता. घरच्यांनी हयगय केली होती असंही नाही. फोनवरून मावशींनी बजावलं होतं, "भरपूर पाणी पाजा", म्हणून उशाशी थर्मास होता आणि तासातासाला भांडंभर गरम पाणी चालू होतं. खायला तांदळाची पेज, चहा, जमलं तर अर्धं बिस्कीट. बीपीची गोळी मात्र न चुकता. ऑक्सिजन ९५, साखर १२८, बीपी ठीक. सोडियम मात्र ११७, हवं किमान १३५.

मुलाचा पहिला प्रश्न होता, "पेजेत मीठ कमी पडलं का हो?"

हा प्रश्न मला दर साथीत ऐकू येतो, आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर "नाही" असं असतं. मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात. ते बसलं नाही, तर माणसं आजीला चमचाभर मीठ पाण्यात ढवळून पाजतात.

आधी हिशेब समजून घ्या

रिपोर्टवरचा सोडियमचा आकडा अंगात एकूण मीठ किती ते सांगत नाही. एक लिटर रक्तद्रवात मीठ किती दाट आहे, एवढंच सांगतो. आमटी पातळ झाली तर मीठ कमी घातलं असेल किंवा पाणी जास्त पडलं असेल. चव दोन्हीकडे अळणीच लागते, उपाय मात्र वेगळे.

फ्लू, कोविड, आरएसव्ही अशा विषाणूंनी फुप्फुसं धरली की शरीर व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सोडायला लागतं. यालाच डॉक्टर एडीएच म्हणतात. किडनीला त्याचा हुकूम एकच: पाणी धरून ठेव. एरवी तहान लागली, पाणी कमी पडलं, की हा हुकूम सुटतो. आजारात मात्र मळमळ, वेदना, ऑक्सिजनची कमतरता, न्यूमोनिया आणि दाह वाढवणारी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं यांच्यामुळे तो गरज नसतानाही सुटत राहतो. १९५७ साली श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांवरून हा प्रकार प्रथम मांडला. आज फाइलवर 'एसआयएडीएच' असं लिहिलेलं दिसतं, ते हेच.

आता आजींचा ढोबळ हिशेब करू. किडनी नुसतं पाणी बाहेर फेकू शकत नाही. पाण्याबरोबर काहीतरी विरघळलेलं जावं लागतं, म्हणजे मुख्यतः मीठ आणि प्रथिनांपासून तयार होणारा युरिया. नीट जेवणाऱ्या माणसाच्या लघवीतून दिवसाला असे ६०० ते ९०० मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं माप) जातात. पेज आणि चहावर असलेल्या माणसाकडे जेमतेम ३०० असतात. व्हॅसोप्रेसिनमुळे लघवी लिटरमागे ६०० पर्यंत दाट झालेली, म्हणजे दिवसभरात लघवी जेमतेम अर्धा लिटर. घाम आणि श्वासावाटे तापात एक लिटर गेलं असं धरू. आजी पीत होत्या तीन लिटर. दीड लिटर पाणी अंगातच राहिलं. ५० किलोच्या वृद्ध बाईच्या अंगात एकूण पाणी असतं साधारण साडेबावीस लिटर. १३८ चं सोडियम पहिल्या दिवशी १२९ वर येतं, दुसऱ्या दिवशी १२२ च्या आसपास. त्यात लघवीवाटे मीठ घालवणारी बीपीची गोळी चालूच. ११७ गाठायला फार काही लागत नाही.

'तापात भरपूर पाणी प्या' हा सल्ला पंचविशीतल्या, जेवणाऱ्या माणसाला चालून जातो. आजींसाठी तो अर्धवट आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे 'आणि खा'.

अर्थात उलटा प्रकारही असतोच. उलट्या-जुलाब झाले, घाम गेला, खाणं-पिणं बंद पडलं, तर मीठ आणि पाणी दोन्ही गेलेलं असतं आणि वर फक्त साधं पाणी पाजलं जातं. आकडा तसाच कमी येतो. उपचार मात्र बरोबर उलटा. कोविडच्या काळात रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी साधारण पाव भागाचं सोडियम १३५ च्या खाली सापडत होतं. त्यातल्या बहुतेकांचं १३० ते १३४ मध्ये होतं आणि त्यात हे दोन्ही प्रकार होते.

पायरी १: घरात जोखमीचं कोण आहे ते ताप येण्याआधीच बघून ठेवा

औषधांचा डबा उघडा आणि बीपीच्या गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड (ही थायाझाइड प्रकारची, लघवी वाढवणारी औषधं) यांपैकी एखादं नाव आहे का? आपल्याकडे बीपीच्या जोडगोळ्या इतक्या चालतात की आपण लघवीची गोळी घेतोय हेच अनेकांना माहीत नसतं. गोळीच्या नावाला 'एच', 'सीएच' किंवा 'सीटी' असं शेपूट असेल तर नक्की वाचा. या औषधांनी सोडियम उतरण्याचा धोका सडपातळ, वयस्कर बायकांमध्ये सगळ्यात जास्त.

त्याच डब्यात एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशी नैराश्यावरची औषधं आहेत का, फिट्ससाठी कार्बामॅझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन आहे का, रात्रीची लघवी कमी व्हावी म्हणून डेस्मोप्रेसिन दिलंय का, तेही बघा. यांपैकी काहीही स्वतःहून बंद करू नका. फिट्सची गोळी अचानक थांबवली तर सोडियम राहिलं बाजूला, फिटच येईल. पण ताप आला, खाणं सुटलं, उलटी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा: "ही गोळी चालू आहे, आजारपणात चालू ठेवू की थांबवू?" थायाझाइडच्या बाबतीत पुष्कळदा उत्तर येतं, "थोडे दिवस थांबवा."

अंगदुखीसाठी घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक द्यायची सवय असेल तर ती या माणसांसाठी मोडा. ही औषधं व्हॅसोप्रेसिनचा किडनीवरचा जोर वाढवतात. पॅरासिटामॉल पुरे.

आणखी एक गट सहज नजरेतून सुटतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारे लोक. उलटीमुळे दोन दिवस गोळी चुकली की त्यांचं सोडियम आणि बीपी दोन्ही उतरू शकतं, आणि स्टेरॉइड दिल्याशिवाय ते वर येत नाही. गुडघेदुखीवर कुठून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या घेणारेही यातच धरा. त्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं आणि ते ना रुग्णाला माहीत असतं, ना घरच्यांना. त्यामुळे विचारल्यावर लाजू नका, पुडी घेऊन या.

पायरी २: पाणी मोजा, जेवण घाला

घरातलं फुलपात्र एकदा मोजून घ्या. बहुतेक फुलपात्रांत दीडशे ते दोनशे मिली मावतं. हृदय किंवा किडनीचा आजार नसलेल्या प्रौढ माणसाला तापात दिवसभरात सगळं मिळून दीड ते दोन लिटर साधारण पुरतं. ताप फार असेल, घाम वाहत असेल, तर थोडं जास्त. 'सगळं मिळून' यात चहा, ताक, वरणाचं पाणी, सूप, पेज असं सगळंच आलं. तहान लागली की प्यायचं. लघवी फिकट पिवळी असली की झालं. ती पाण्यासारखी पांढरी व्हायलाच हवी असा आग्रह नको.

त्यातलं निम्मं तरी नुसतं पाणी नसावं. मीठ घातलेलं ताक, मुगाचं कढण, वरण, अंड्याचं किंवा चिकनचं सूप. पेज द्यायची तर तिच्यात मूगडाळ आणि मीठ घाला, वर तूप सोडा. प्रथिनं पोटात गेली की युरिया तयार होतो आणि त्याच्या पाठीवर बसून जादा पाणी बाहेर पडतं.

जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. पाकीट एक लिटरचं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात चिमूटभर पावडर टाकून पिणं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं. खोक्यात तयार मिळणाऱ्या गोड पेयांत साखर पुष्कळ आणि सोडियम नावाला, तरी वर्षानुवर्षं ती ओआरएस म्हणून खपली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात हा शब्द वापरायला मनाई केली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. चवीला घ्या, पण सोडियम भरून काढायचं काम त्याच्यावर सोपवू नका. किडनीच्या रुग्णाला तर विचारल्याशिवाय देऊच नका.

पायरी ३: ग्लानी की भ्रम, ते ओळखा

फ्लू म्हटलं की २००९ चं, स्वाइन फ्लूच्या साथीतलं पुणं आठवतं आणि सगळं लक्ष छातीकडे जातं. छातीकडे बघायलाच हवं, पण डोक्याकडेही बघा. सोडियम उतरलं की पाणी पेशींत शिरतं. बाकीच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही, मेंदूला मात्र कवटीत जागा नसते.

सुरुवात अगदी साधी असते: मळमळ, डोकं जड, जेवणावरची वासना जाणं, पायात गोळे. ही लक्षणं तापातही असतातच, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मी घरच्यांना तीन गोष्टी बघायला सांगतो. चालताना तोल जातोय का, भिंतीचा आधार घेतायत का? रोजची गोष्ट चुकतेय का, म्हणजे नातवाचं नाव, आजचा वार, चष्मा कुठे ठेवला ते? आणि ताप उतरल्यावरही झोप उतरत नाहीये का? तापाची ग्लानी ताप उतरला की ओसरते. ताप ९८ वर आणि माणूस तरीही सुस्त, असंबद्ध बोलतोय, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. कालपर्यंत हिशेबाची वही लिहिणारा माणूस एका रात्रीत म्हातारा होत नाही.

घरी ऑक्सिमीटर आणि ग्लुकोमीटर असेल तर आधी ते लावा. ऑक्सिजन ९४ च्या खाली किंवा साखर ७० च्या खाली असेल तर भ्रमाचं कारण तिथेच असू शकतं. मधुमेही माणूस जेवत नसताना गोळ्या चालू असतील तर साखर उतरू शकते. हे दोन्ही ठीक असलं तरी दवाखान्यात जायचंच, त्याच दिवशी. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, मान ताठरणं, यांतलं काही असेल तर सोडियमचा विचार नंतर, आधी गाडी काढा.

फिट आली, हाक मारून डोळे उघडत नाहीत, वारंवार उलट्या होतायत, श्वास घोरल्यासारखा येतोय, तर १०८ ला फोन करा. तोवर कुशीवर वळवा, मानेभोवतीचं सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात गेलेली मिनिटं परत येत नाहीत.

पायरी ४: रक्त आणि लघवी, सलाइन लावण्याआधी

ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. थकलेला रुग्ण आला की 'आधी एक सलाइन लावा, मग बघू' असा नातेवाइकांचाच आग्रह असतो. माझी विनंती आहे, माणूस बोलतोय, बीपी ठीक आहे, तर दहा मिनिटं द्या. इलेक्ट्रोलाइट, क्रिएटिनिन आणि साखरेसाठी रक्त घेऊ द्या आणि एका स्वच्छ बाटलीत थोडी लघवी धरून ठेवा. सलाइन आत गेलं की लघवीतलं सोडियम बदलतं आणि मग खरं चित्र पुसलं जातं.

सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर आकडा त्या बाटलीचा येतो, रुग्णाचा नाही. एकदा एका रुग्णाचं सोडियम १०९ आणि साखर ९०० अशी चिठ्ठी आली. तो मात्र खाटेवर बसून पेपर वाचत होता. डाव्या हाताला ग्लुकोजची बाटली, रक्तही डाव्याच हाताचं. उजव्या हातातून पुन्हा घेतलं तर १३३. रिपोर्ट आणि माणूस जुळत नसतील तर पुन्हा तपासा.

पायरी ५: चिठ्ठी वाचा

नेहमीची पातळी १३५ ते १४५. १३० ते १३४ म्हणजे सौम्य, १२५ ते १२९ मध्यम, १२५ च्या खाली गंभीर. पण आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या: लक्षणं काय आहेत आणि आकडा किती वेगाने खाली आला. दोन वर्षं १२६ वर असलेला माणूस बाजारात जाऊन भाजी आणतो, आणि दोन दिवसांत १२६ वर आलेला भिंतीशी बोलतो. हळूहळू उतरलं तर मेंदू आपल्यातले काही क्षार आणि इतर कण बाहेर टाकून स्वतःची सूज आवरतो. त्याला साधारण ४८ तास लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, वेगाच्या पायरीला पुन्हा लागणार आहे.

मधुमेह्याची साखर फार वाढलेली असेल तर सोडियम प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसतं. १०० च्या वरच्या प्रत्येक १०० साखरेमागे सोडियममध्ये साधारण १.६ मिळवायचे. साखर ५०० आणि सोडियम १२८ असेल तर चार गुणिले १.६, म्हणजे ६.४, म्हणजे खरा आकडा १३४ च्या आसपास. तिथे साखर आणा खाली, सोडियम आपोआप वर येतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, अतोनात वाढलेले असतानाही काही यंत्रं खोटं कमी सोडियम दाखवतात. आयसीयूतलं ब्लड गॅसचं यंत्र आणि प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र यांच्यात दोन-तीनचा फरक पडू शकतो. म्हणून सकाळचा आकडा एका यंत्राचा आणि संध्याकाळचा दुसऱ्याचा घेऊन 'वाढलं', 'उतरलं' असं ठरवू नका.

पायरी ६: पाणी जास्त की मीठ कमी?

इथे डॉक्टर काय बघतात ते सांगतो, म्हणजे उपचार उलटसुलट का वाटतात ते कळेल. जीभ कोरडी, उभं राहिल्यावर बीपी उतरतं, नाडी जलद, युरिया वाढलेला आणि लघवीतलं सोडियम २० ते ३० च्या खाली, तर किडनी मीठ जिवापाड वाचवतेय. अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही गेलंय. जीभ ओली, बीपी ठीक, पायाला सूज नाही, लघवी दाट आणि तिच्यात सोडियम ३० च्या वर, युरिक ॲसिड ४ च्या खाली, तर एसआयएडीएचचा संशय बळावतो. पण त्यावर शिक्का मारण्याआधी थायरॉइड आणि कॉर्टिसॉल बघावं लागतं. लघवीची गोळी चालू असेल तर लघवीतल्या सोडियमवर विसंबता येत नाही. पाय सुजलेत, धाप लागतेय, तर हृदय, लिव्हर किंवा किडनीची गोष्ट वेगळीच.

लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे ती किती दाट आहे ती तपासणी, लहान गावांत सगळीकडे होत नाही. लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियम मात्र बहुतेक ठिकाणी करून मिळतं आणि त्याचा एक चांगला उपयोग आहे. या दोहोंची बेरीज रक्तातल्या सोडियमपेक्षा जास्त निघाली, तर नुसतं पाणी कमी करून भागणार नाही हे पहिल्याच दिवशी कळतं.

पायरी ७: उपचार, आणि 'एवढ्या बाटल्या का नाही लावल्या' याचं उत्तर

पुढचे आकडे घरी वापरायला नाहीत, वॉर्डात काय चाललंय ते समजायला आहेत.

मीठ-पाणी दोन्ही गेलं असेल तर नॉर्मल सलाइन. ते बरोबर लागू पडतं. पण तेच सलाइन एसआयएडीएचमध्ये दिलं तर सोडियम आणखी उतरू शकतं. हे नातेवाइकांना पटत नाही, म्हणून पुन्हा हिशेब. एक लिटर नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइड १५४, मिळून ३०८ मिलिऑस्मोल. किडनी ६०० दाटीची लघवी करतेय, म्हणजे ती सगळं मीठ अर्ध्या लिटरात गुंडाळून बाहेर टाकते. उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहतं. बाटली मिठाची लावली आणि आत राहिलं पाणी. नुसत्या ५ टक्के ग्लुकोजची बाटली तर सरळसरळ पाणीच. ग्लुकोज वापरलं जातं, पाणी मागे राहतं. अशक्तपणासाठी 'एक ग्लुकोज' मागून घेण्याची आपल्याकडची सवय या आजारात अंगाशी येते.

एसआयएडीएच असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर दिवसाला ८०० ते १००० मिली एवढंच पिणं, त्यात भात-भाजी धरायची नाही, पण ताक, चहा, सूप धरायचं. त्याने भागलं नाही तर मिठाच्या गोळ्या, युरिया किंवा टोल्व्हॅप्टान. टोल्व्हॅप्टान दवाखान्यात दाखल असतानाच सुरू करायचं औषध आहे आणि अंगातलं पाणी आटलेल्या माणसाला ते द्यायचं नसतं. मूळ विषाणूचा, न्यूमोनियाचा आणि ऑक्सिजनचा उपचार चालूच असतो. फुप्फुसं निवळली की व्हॅसोप्रेसिनचा जोरही ओसरतो.

फिट, बेशुद्धी, जोरदार भ्रम असेल तर पाणी कमी करून वाट बघत बसायची नसते. तिथे ३ टक्के, म्हणजे दाट मिठाचं सलाइन: १०० ते १५० मिली, दहा ते वीस मिनिटांत, गरज पडली तर पुन्हा. सोडियम ४ ते ६ ने वाढलं की मेंदूवरचा ताण उतरतो. १३५ पर्यंत जायची गरज नसते.

पायरी ८: वेग

आजींना १०० मिली ३ टक्के सलाइन दिलं. चार तासांनी सोडियम १२१. दुसऱ्या सकाळी १२४, आणि आजींनी सुनेला विचारलं, "कुलूप लावलंस का घराला?" घरच्यांना हायसं वाटलं. मुलगा म्हणाला, "मग आता आजच्या आज पूर्ण करून टाका."

इथेच थांबावं लागतं. मेंदूने ४८ तासांत आपले कण बाहेर टाकून जुळवून घेतलेलं असतं. आता बाहेरचं सोडियम भराभर वर नेलं तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजू शकतं. त्याची लक्षणं लगेच दिसत नाहीत. माणूस सुधारतो, बोलतो, आणि काही दिवसांनी बोबडा होतो, गिळता येत नाही, हातपाय ताठरतात. म्हणून जोखमीच्या रुग्णात सोडियम २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढू द्यायचं नसतं. कुपोषित, दारूचं व्यसन असलेले, लिव्हरचे रुग्ण, पोटॅशियम कमी असलेले आणि सोडियम १०५ किंवा त्याहून खाली गेलेले, यांना धोका जास्त. पोटॅशियम भरून काढलं की सोडियमही वर सरकतं, तेही त्या आठात धरावं लागतं.

आणखी एक गोष्ट. गोळी बंद झाली, मळमळ थांबली, की व्हॅसोप्रेसिन अचानक खाली येतं आणि लघवीचा लोंढा सुरू होतो. पिशवी पाण्यासारख्या लघवीने भराभर भरू लागली की नातेवाईक खूश होतात, आम्हाला धास्ती वाटते. सोडियम तेव्हा आपणहून उसळी मारतं, आणि ते आवरायला कधी कधी उलट पाणी द्यावं लागतं. रात्रपाळीला रुग्णाजवळ बसलेल्या माणसाने एवढं करावं: दर दोन तासांनी पिशवीवरचा आकडा कागदावर टिपावा, आणि तासाला शंभर मिलीच्या वर जायला लागलं की सिस्टरना सांगावं. पहिल्या दिवशी चार-सहा तासांनी रक्त काढतात त्याचं कारणही हेच. ते बिल वाढवायला नसतं.

तान्ह्या बाळांबद्दल

आरएसव्हीने छाती भरलेल्या बाळांचंही सोडियम असंच उतरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी पाजू नका, उन्हाळ्यातही नाही. पावडरच्या दुधात 'सर्दी आहे, पातळ करू' म्हणून पाणी वाढवू नका. अंगावरचं दूध थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. तापातली साधी झटक्याची फिट साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते. त्याहून लहान बाळाला फिट आली तर सोडियम आणि साखर तपासलीच पाहिजे. सलाइनची वेळ आली तर हल्ली मुलांनाही रक्ताइतक्या दाटीचंच सलाइन द्यायचं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तसं मार्गदर्शन दिलं. त्याआधीची पातळ सलाइनं अजून काही ठिकाणी सवयीने लावली जातात. कुठलं लावताय, हे विचारायला हरकत नाही.

घरी आल्यावर

आजी पाचव्या दिवशी १३३ वर घरी गेल्या. एक लिटरची स्टीलची बाटली सकाळी भरून ठेवायची, चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून द्यायचं, असं सुनेला दाखवलं. तहानेला चूळ भरणं, लवंग चघळणं. हे बंधन कायमचं नसतं. तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा सोडियम करा आणि ते १३५ च्या वर टिकलं की डॉक्टरांना विचारून सोडा. पहिले काही दिवस रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. सोडियम थोडं कमी असतानाही तोल जातो आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड.

बीपीसाठी बिनमिठाचं खा म्हणून सांगितलेल्या माणसाने आता लोणचं-पापड सुरू करायचं का? नाही. जेवणात नेहमीचं मीठ, एवढंच. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

जुनी बीपीची गोळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढा, नाही तर महिन्याच्या औषधांबरोबर मेडिकलवाला सवयीने तीच देतो. आजींच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहिलं: 'थायाझाइड देऊ नये. फ्लूमध्ये सोडियम ११७.' सुनेने त्याचा फोटो काढला आणि मावशींना पाठवला. पाठोपाठ फोन आला. मावशींना विचारायचं होतं, त्यांच्या स्वतःच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे, तर त्यांनी काय करावं.